अंडी बंद झाली म्हणजे कोंबडी संपली का? परसातल्या म्हाताऱ्या कोंबड्या आणि त्यांचा कळप, सोप्या भाषेत

लॉकडाऊनच्या काळात ज्यांनी ज्यांनी हौसेने परसात नाहीतर शेतघरावर चार-सहा कोंबड्या पाळायला घेतल्या त्यांच्यापुढे आता एक वेगळाच प्रश्न आलाय. मुंगूस, मांजर, मानमोडीचा रोग या सगळ्यातून ज्या वाचल्या त्या कोंबड्या आता चार-पाच वर्षांच्या झाल्यात. पिल्लं कशी वाढवायची ते सांगणारे शंभर जण भेटतात पण म्हाताऱ्या कोंबडीचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. मग लोक विचारत राहतात की अंडी बंद झालीत, खाद्य बदलू का, पिसं झडतायत, रोग आहे का, नवीन आणलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) जुन्या कोंबडीला टोचून टोचून हैराण करतायत, कोंबडी चक्क आरवायला लागलीय, ठेवू की नको.

यावर उत्तरं दोनच मिळतात, एकतर कापून टाका नाहीतर अमुक टॉनिक पाजा. दोन्ही उत्तरं कोंबडीकडे न बघता दिलेली असतात. अंडी बंद होण्यामागे वय हे फक्त एक कारण आहे, बाकी कारणं बरीच आहेत आणि त्यातली अर्धी आपोआप जातात. आणि कोंबडी खरंच म्हातारी झाली असेल तर तिला औषधापेक्षा कळपातली तिची जागा जास्त नडते, म्हणजे ती उपाशी राहते, पाण्यापर्यंत पोचत नाही, रात्री वर चढू शकत नाही आणि आपल्याला वाटतं हिला काहीतरी रोग झालाय. हे समजायला आधी अंडं कसं तयार होतं ते बघू.

अंडं तयार कसं होतं

बहुतेक पक्ष्यांसारखं कोंबडीचं पण एकच अंडाशय काम करतं, डावीकडचं. उजवीकडचं अंड्यातून बाहेर यायच्या आधीच वाढायचं थांबतं आणि नुसतं नावाला उरतं (हे लक्षात ठेवा, आरवणाऱ्या कोंबडीच्या वेळी लागणार आहे). डाव्या अंडाशयात हजारो बीजं असतात. त्यामुळे "हिच्या पोटातली अंडी संपली" असं जे आपण म्हणतो ते खरं नाही, बीजं संपत नाहीत, ती पिकवायची ताकद आणि वेग कमी होतो.

बीज सुटल्यापासून अंडं बाहेर यायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तास तर नुसतं कवच चढायला जातात. अंडं घातलं की साधारण अर्ध्या तासाने पुढचं बीज सुटतं. म्हणूनच कोंबडी रोज थोडी थोडी उशिरा अंडं घालते, आज सकाळी आठ, उद्या नऊ, परवा अकरा, असं करत करत दुपार टळली की एक दिवस खाडा पडतो आणि परत सकाळपासून सुरू. हा खाडा म्हणजे काही बिघाड नाही.

या सगळ्याची किल्ली उजेडाकडे आहे. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून आत जाणारा प्रकाश मेंदूतल्या पेशींना थेट जाणवतो आणि दिवस मोठा आहे की लहान ते शरीर ठरवतं. जोरात अंडी द्यायला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे पुण्याच्या आसपास जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे दिवाळीनंतर अंडी कमी झाली तर त्यात कोंबडीचा काय दोष, आणि टॉनिक पाजून सूर्य काही लवकर उगवत नाही. पोल्ट्रीवाले म्हणूनच शेडमध्ये पहाटे आणि संध्याकाळी लाइट लावतात. परसात हे केलं तरी चालतं, पण म्हाताऱ्या कोंबडीला लाइट लावून अंड्यावर आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, हिवाळ्यातली विश्रांती तिला हाडं भरून काढायला लागते.

आता वय. अंड्यांचं पहिलं वर्ष सगळ्यात जोराचं, त्यानंतर दर वर्षी साधारण १० ते २० टक्के घट धरायची. अंडी कमी होतात पण मोठी होतात, कवच मात्र पातळ होत जातं. फार्मवरची लेयर (खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी) वर्षाला ३०० च्या वर अंडी देते आणि दीड-दोन वर्षांत तिला शेडमधून काढून टाकतात, कारण त्यापुढे खाद्याचा हिशोब बसत नाही. पण दीड-दोन वर्षं हे कोंबडीचं आयुष्य नाही, तो फक्त धंद्याचा हिशोब आहे. परसातली कोंबडी नीट सांभाळली तर पाच ते आठ वर्षं आरामात जगते, काही दहाच्या पुढे जातात. गावठी कोंबडी वर्षाला मुळातच ५० ते ८० अंडी देते, तिच्या शरीराची झीज कमी होते, त्यामुळे तिचा उतार पण सावकाश असतो. वनराज, गिरीराज या जाती दोन्हीच्या मधल्या.

हाडांतलं कॅल्शियम, आणि लेयर फीडचा घोळ

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच चढतं मुख्यतः रात्री, आणि रात्री कोंबडी काही खात नाही. मग कॅल्शियम आणायचं कुठून? तर निसर्गाने मादी पक्ष्यांना लांब हाडांच्या पोकळीत एक जास्तीचं मऊसर हाड दिलंय, अंड्यावर यायच्या आधी ते तयार होतं, रात्री त्यातलं कॅल्शियम काढलं जातं आणि दिवसा खाण्यातून परत भरलं जातं. घरखर्चाला सेव्हिंग खात्यातून काढायचं आणि पगार आला की भरायचं तसं. पण वर्षानुवर्षं भरणा कमी आणि काढणं जास्त झालं की मुदत ठेव मोडायची वेळ येते, म्हणजे शरीराचा भार पेलणारी खरी हाडं झिजायला लागतात. म्हातारी कोंबडी उंचावरून उडी मारताना पाय नाहीतर छातीचं हाड मोडून घेते त्याचं कारण हे.

हे वाचून लगेच सगळ्यांना लेयर फीड चालू करू नका, कारण इथे उलटा धोका आहे. लेयर फीडमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. जी कोंबडी अंडी देत नाही तिला एवढं कॅल्शियम रोज मिळालं तर ते मूत्रपिंडावर जातं, मूत्रपिंड खराब होतात आणि शरीरात युरिक ॲसिड साठून गाउट होतो. म्हणजे चांगलं महागाचं खाद्य घालून आपणच तिला आजारी पाडतो. कोंबडा आणि लहान तलंगा यांनाही लेयर फीड चालत नाही.

मग कळपात सगळ्या वयाच्या असतील तर? उपाय एकदम साधा आहे. सगळ्यांना ग्रोअरसारखं (वाढत्या वयाच्या कोंबड्यांचं खाद्य) एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियमवालं खाद्य घालायचं आणि बाजूला वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवायचा. जिला गरज असते ती बरोबर जाऊन खाते, जिला नसते ती तिकडे बघत नाही. शिंपले मिळत नसतील तर अंड्यांची कवचं वाळवून, भाजून, बारीक चुरून ठेवली तरी चालतात. चुरा इतका बारीक करा की ते अंड्याचं कवच आहे असं कळताच कामा नये, नाहीतर अंडी फोडून खायची सवय लागू शकते.

घरातलं उरलंसुरलं घालतानाही विचार करा. भात, भाकरी, तांदळाची कणी हे सगळं पिठूळ खाणं, अंडी न देणारी आणि कमी हिंडणारी कोंबडी त्यावर आतून चरबी धरते, यकृतात चरबी साठते आणि एखाद्या गरम दुपारी काही लक्षण न दाखवता ती एकदम मरते. खारट रस्सा, लोणचं, फरसाण घालू नका. आणि पावसाळ्यात बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड "कोंबड्यांना चालतं" म्हणून टाकतात ते तर अजिबात नको, त्या बुरशीचं विष यकृताला लागतं आणि म्हाताऱ्या कोंबडीचं यकृत आधीच थकलेलं असतं.

अंडी बंद आहेत पण म्हातारी झालेली नाही, असं कधी?

सगळ्यात जास्त गैरसमज पिसं झडण्यावरून होतो. दिवस लहान व्हायला लागले, साधारण गणपती ते दिवाळीच्या मधे, की मोठी कोंबडी जुनी पिसं टाकून नवीन आणते. डोकं-मान, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट, असा क्रम असतो. पिसात बहुतेक सगळं प्रोटीन, त्यामुळे शरीर अंडी थांबवून सगळं प्रोटीन तिकडे वळवतं. हे दोन-तीन महिने चालतं, म्हाताऱ्या कोंबडीला अजून जास्त. अशा वेळी तिला उचलू नका, नवीन पिसांच्या दांड्यात रक्त असतं, दुखतं. मक्याऐवजी थोडं प्रोटीन वाढवा, सुकट, सोयाबीन पेंड, उकडलेलं अंडं, जे असेल ते. पिसं क्रमाने न झडता पाठीवर किंवा शेपटाच्या वर नुसताच टकलाचा पट्टा दिसत असेल तर मात्र कोंबडा जास्त चढतोय, दुसरी कोणीतरी उपटतेय, नाहीतर उवा-पिसवा झाल्यात.

दुसरं कारण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला घरट्यात ठाण मांडून बसणं. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक बसते आणि तोपर्यंत अंडी बंद. गावाकडे खुडूक मोडायला पाण्यात बुडवतात, नाकात पीस ओवतात, हे कृपा करून करू नका. खालून जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात उजेडाला तीन-चार दिवस ठेवा, खायला-प्यायला द्या, पोटाखाली हवा लागली आणि घरटं मिळालं नाही की ती आपोआप उठते.

उन्हाळा तिसरं. कोंबडीचं शरीर मुळातच ४१-४२ अंशांचं आणि तिला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं एवढाच मार्ग. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये अंडी थांबली तर सावली, गार पाणी आणि ओलं गोणपाट हाच इलाज.

आणि लपवलेली अंडी. कुंपणात, गवताच्या गंजीत, लाकडांच्या ढिगाआड एकदा शोधून या.

खरंच बंद आहे का ते हाताने तपासता येतं. शी आणि अंडं दोन्हीसाठी कोंबडीला मागे एकच भोक असतं, त्याला पोल्ट्रीवाले व्हेंट म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं बोटाला लागतात. मधे दोन-तीन बोटं बसत असतील आणि व्हेंट ओलसर, रुंद असेल तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच बोट बसत असेल आणि व्हेंट कोरडं, आवळलेलं असेल तर बंद आहे. पिवळ्या पायांच्या जातीत अजून एक गंमतशीर खूण मिळते. अंडी देताना शरीरातला पिवळा रंग बलकात जातो, म्हणून आधी व्हेंट फिकं पडतं, मग डोळ्याभोवतीची कड, मग चोच, शेवटी पाय. अंडी थांबली की त्याच क्रमाने रंग परत येतो. म्हणजे पाय फिके आणि व्हेंट पिवळं दिसलं तर समजा की ही कोंबडी बरेच महिने अंड्यावर होती आणि आत्ताच थांबलीय.

कळपात कोण मोठी, कोण धाकटी

कोंबड्यांच्या टोचाटोचीत एक पक्का क्रम असतो हे १९२१-२२ च्या सुमारास नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एब यांनी लिहून ठेवलं. लहानपणापासून ते घरच्या कोंबड्यांच्या वह्या ठेवायचे, कोण कोणाला टोचतं आणि कोण मागे हटतं. त्यांना दिसलं की प्रत्येक जोडीत एकदा निकाल लागला की परत परत भांडण होत नाही. वरची नुसती मान उंचावून बघते आणि खालची बाजूला होते. म्हणजे हा क्रम भांडण लावायला नाही, भांडण टाळायला आहे. हे लक्षात घेतलं नाही की आपण दर टोचणीला मधे पडतो आणि क्रम ठरायलाच देत नाही, मग भांडण लांबतच जातं.

हे चालतं कारण कोंबड्या एकमेकींना ओळखतात, मुख्यतः डोकं, तुरा आणि मान यावरून. म्हणूनच आजारपणात आठ-दहा दिवस वेगळी ठेवलेली, किंवा जिचा तुरा सुकून लहान झालाय अशी कोंबडी परत सोडली की तिच्यावर परक्यासारखा हल्ला होतो. माद्यांचा क्रम वेगळा, नरांचा वेगळा. जपानच्या नागोया विद्यापीठात २०१३ मध्ये दाखवलं गेलं की नर आरवतात ते बाहेरचा उजेड बघून नव्हे, शरीरातल्या घड्याळावर, म्हणजे कोंबडं झाकलं तरी ते आत बसून वेळेवर आरवणारच. आणि २०१५ च्या त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की पहाटे पहिला आरवायचा मान सगळ्यात वरच्या नराचा, बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून. त्याला बाजूला काढलं की दुसऱ्या नंबरचा पहिला होतो.

नराचं कळपातलं काम पण समजून घ्या, कारण म्हाताऱ्या माद्यांना त्याचा खूप आधार असतो. घार दिसली की तो एक प्रकारचा लांब किरटा आवाज काढतो आणि सगळ्या झुडपाखाली पळतात, मांजर-मुंगूस दिसलं की तुटक तुटक कॉक-कॉक आणि सगळ्या मान वर करून तिकडे बघतात. हे दोन आवाज खरोखर वेगळे आहेत, नुसता आवाज ऐकवला तरी कोंबड्या त्याप्रमाणे वेगळं वागतात हे प्रयोगात सिद्ध झालंय. जिची नजर अधू झालीय तिला हा आवाजच वाचवतो.

म्हातारी झाली की क्रम का बदलतो

क्रमात वर राहायला अंगात जोर लागतो, तुरा लालभडक लागतो. अंडी थांबली, तुरा फिका पडला, चाल मंदावली की खालच्या कोंबड्या एकदा टोचून बघतात आणि तिने उत्तर दिलं नाही की ती खाली गेलीच. कधी कधी वर्षानुवर्षं पहिली असलेली कोंबडी आठवड्याभरात शेवटची होते. मग तिला खाणं शेवटी, म्हणजे चांगलं संपल्यावर, पाणी शेवटी, आणि रात्री बसायला सगळ्यात वाईट जागा. ती वाळत जाते आणि आपण जंताचं औषध देतो.

हे बदलायला कळपाला शिस्त लावता येत नाही, जागा बदलता येते. खाण्याची भांडी दोन-तीन करा आणि अशी ठेवा की एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही, मधे टोपली, फळी, कुंडी काहीही चालेल, एक वरचढ कोंबडी एका वेळी एकाच भांड्यावर राज्य करू शकते. पाणी पण दोन ठिकाणी. जागा मात्र रोज बदलू नका, मोतीबिंदू झालेली कोंबडी सवयीने भांडं शोधते. संध्याकाळी सगळ्या खुराड्यात जायच्या आधी म्हातारीला बाजूला घेऊन तिचं तिचं खाऊ घाला.

बसायची काठी खाली आणा. कोंबड्यांना रात्री उंच बसायला आवडतं आणि म्हातारी पण हट्टाने वर चढते, चढते तेव्हा नाही, सकाळी उतरताना मार लागतो. कोब्यावर किंवा फरशीवर रोज धपकन उडी मारून तळव्याला बारीक जखम होते, त्यात जंतू जातात आणि तळवा सुजून मधे काळी खपली धरते. म्हणून काठी गुडघ्याच्या खाली, दीड फुटापेक्षा कमी उंचीवर, चार-पाच सेंटीमीटर रुंद आणि वरून सपाट, खाली भुसा किंवा पेंढा, आणि चढायला पट्ट्या मारलेली तिरकी फळी. एवढ्याने पायाचे निम्मे प्रश्न सुटतात.

नवीन तलंगा आणायच्या असतील तर थेट सोडू नका. आधी दोन ते चार आठवडे पूर्ण वेगळ्या, कारण बाजारातून आणलेली तलंग बरी दिसत असली तरी रोग घेऊन येऊ शकते आणि म्हाताऱ्या कोंबड्या आधी बळी पडतात. मग आठवडाभर जाळीच्या पलीकडे, दिसतील पण टोचता येणार नाही अशा. मग एकत्र. एकटी कधीच सोडू नका, दोन-तीन सोडा म्हणजे सगळा राग एकीवर निघत नाही. पहिले काही दिवस टोचाटोची होणार, ती होऊ द्या. रक्त दिसलं तर मात्र ताबडतोब बाहेर काढा, लाल रंगावर सगळ्या तुटून पडतात आणि तेव्हा क्रमबिम काही उरत नाही. जखमी कोंबडीला पण जाळीआड, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, म्हणजे परत येताना ती परकी होत नाही.

कोंबडी आजार लपवते

कमजोर दिसली की कळपात मार पडतो आणि बाहेर शिकारी टिपतात, त्यामुळे कोंबडी शक्य तितका वेळ धडधाकट असल्यासारखी वागते. आपल्याला ती आजारी दिसते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा रात्री काठीवरून उचलून बघायची सवय लावा, रात्री ती शांत असते. छातीचं मधलं हाड चाचपा, पिसांमुळे वाळलेली कोंबडी पण गुबगुबीत दिसते, हाड सुरीसारखं धारदार लागलं तर ती उपाशी किंवा आजारी आहे. गळ्याखालची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी हवी, सकाळी पण टम्म किंवा आंबूस वास असेल तर गडबड आहे. तळवे बघा. पायाची खवलं उचललेली, भुकटी धरलेली असतील तर खवल्यांखालचा बारीक कीटक आहे, कोमट पाण्याने धुऊन खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे लावत राहा, रॉकेल लावू नका. टॉर्च मारून काठीच्या फटी बघा, रक्त पिणाऱ्या लाल पिसवा दिवसा फटीत लपतात आणि फक्त रात्री कोंबडीवर चढतात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही. त्यांच्यासाठी खुराडं रिकामं करून फटी साफ करायच्या, चुना मारायचा, आणि कोंबड्यांना लोळायला पावसात भिजणार नाही अशा जागी राख-मातीचा खड्डा ठेवायचा.

म्हातारपणाचे मोठे आजार बहुतेक अंड्याच्या वाटेचे. अंडं अडकलं तर कोंबडी शेपूट पाडून, अंग फुगवून बसते, जोर लावते. तिला कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा, आणि दिवसभरात निघालं नाही तर डॉक्टरकडे न्या. आत अंडं फोडायचा प्रयत्न करू नका. कधी बलक वाटेत न जाता पोटातच पडतो आणि तिथे पू होतो, पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागतं आणि कोंबडी मागे रेलून सरळ उभी चालते. तिसरं म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर, जवळजवळ रोज बीज सुटत असल्याने तो कोंबड्यांत इतका होतो की बायकांमधला तोच कॅन्सर समजून घ्यायला शास्त्रज्ञ कोंबड्यांचा अभ्यास करतात. शेवटच्या दोन्हीत घरी करण्यासारखं फार काही नसतं हे आधीच माहीत असलेलं बरं.

कोंबडी आरवली तर?

कोंबडी आरवणं अपशकुनी मानून तिला त्याच दिवशी मारायची पद्धत अजून आहे. खरं कारण तिच्या शरीरात आहे. डावं अंडाशय गाठीमुळे किंवा आजाराने बंद पडलं की मादीचं हार्मोन घटतं. नरासारखी पिसं मुळात या हार्मोनने दाबून ठेवलेली असतात, ते गेलं की पुढच्या पिसांच्या वेळी नरासारखी पिसं येतात, तुरा वाढतो, पायामागचा काटा वाढतो, आणि सुरुवातीला सांगितलेला उजवीकडचा न वाढलेला अवयव जागा होऊन थोडंफार नराचं हार्मोन बनवू लागतो. मग ती आरवते. कधी कधी कळपात नर नसेल तर एखादी वरचढ कोंबडी धडधाकट असूनही आरवते. युरोपात पण हीच भीती होती, १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात अंडं घातलं म्हणून एका कोंबड्यावर खटला भरून त्याला जाळलं होतं. तो बहुधा असाच बदललेला पक्षी असावा. घरावर संकट वगैरे काही येत नाही, आलं असेल तर त्या कोंबडीवरच आलेलं असतं.

पण अंडी देत नाही तर पोसायची कशाला?

हा प्रश्न चुकीचा नाही. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते, म्हणजे सगळं विकतचं घातलं तर वर्षाला ४० किलोच्या आसपास. मोकळी हिंडणारी बरंच स्वतः शोधते. ज्याचं घर त्यावर चालतं त्याने काय करावं हे मी सांगणार नाही, निरोगी म्हातारी कोंबडी रश्श्यात जाते हे आपल्याकडे घरोघरी आहे. फक्त आजारी किंवा औषध चालू असलेली खाऊ नका.

पण हिशोब करताना पूर्ण करा. गावठी म्हातारी अंडी कमी देत असली तरी खुडूक उत्तम बसते, दहा-बारा अंडी २१ दिवस न सोडता उबवते आणि पिल्लांना घारीपासून सांभाळते, हे काम पहिल्यांदा बसलेली तलंग निम्म्यातच सोडून उठते. खत देते, उकिरडा उकरते, किडे-वाळवी खाते. आणि माझं निरीक्षण असं की ज्या कळपात दोन-तीन जुन्या कोंबड्या आहेत तिथे नवीन तलंगा संध्याकाळी खुराड्यात जायला, सावली शोधायला, पाण्याची जागा ओळखायला लवकर शिकतात. सगळ्या एकदम काढून सगळ्या एकदम नवीन आणणाऱ्यांना हे दर वेळी नव्याने शिकवत बसावं लागतं.

औषध, लस, आणि शेवट

मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकायची सवय फार वाईट आहे. ते अंड्यात उतरतं आणि घरातली पोरं ती अंडी खातात. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक पोल्ट्रीत सर्रास वापरलं जायचं, त्यावर २०१९ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली कारण माणसांत जेव्हा दुसरं काही चालत नाही तेव्हा ते शेवटचं राखून ठेवलेलं औषध आहे. काहीही दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरला विचारा.

लस फक्त पिल्लांनाच असते असा समज आहे, पण मानमोडीची प्रतिकारशक्ती वर्षं गेली की कमी होते, म्हाताऱ्यांनाही परत द्यावी लागते. अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त डोसांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, सहा कोंबड्यांसाठी कोण आणणार. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवून एकत्र आणा.

एखादी म्हातारी रात्री झोपेत गेली तर घाबरू नका, खोल पुरून वर चुना टाका, उकिरड्यावर फेकू नका. पण दोन-तीन दिवसांत एकापेक्षा जास्त मेल्या, तुरे निळे पडले, माना वाकड्या झाल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात नाहीतर १९६२ या नंबरवर कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. कळवलं की सगळ्या मारतील या भीतीने लोक गप्प बसतात आणि मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात, त्याने तो अजून दहा गावांत जातो.

एक प्रश्न हमखास येतो, कळपातल्या सगळ्या गेल्या आणि एकच म्हातारी उरली तर. एकटी कोंबडी कोपऱ्यात बसते, खाणं सोडते, कारण तिचं सगळं वागणं दुसरीच्या वागण्यावर चालतं, दुसरी उकरते म्हणून ही उकरते. तिला आरसा, रेडिओ वगैरे लावून देतात लोक. त्यापेक्षा अंड्यावर आलेल्या दांडगट तलंगा न आणता दोन-अडीच महिन्यांची दोन मादी पिल्लं आणा, वर सांगितलं तसं आधी वेगळी आणि मग जाळीपलीकडे ठेवून. ती म्हातारीपेक्षा लहान असल्याने पुढचे काही महिने क्रमात तिच्या खालीच राहतात. पिल्लं मोठी होऊन टोचायला लागायच्या आत म्हातारीची वेगळी भांडी आणि खालची काठी तयार ठेवा.